सतरा जानेवारीचे अँथनी, तेरा जूनचे अँथनी

अँथनी काका, आज सतरा जानेवारी. सकाळीच तुमच्या दारात अकरा बकऱ्या, दोन म्हशी आणि सलीमभाईंचा पोपट येऊन थांबले.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झालेत, हे गल्लीला माहीत असूनही.

काका भडगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. आमच्या गल्लीतलं एकच कॅथलिक घर. मूलबाळ नाही, काकू आधीच गेलेल्या.

त्यांच्या नावाचे संत दोन. सतरा जानेवारीचे जनावरांचे, तेरा जूनचे हरवलेलं शोधून देणारे.

काका दोघांचेही सण करायचे. जानेवारीत कडुनिंबाच्या डहाळीनं गल्लीतल्या जनावरांवर पाणी शिंपडायचे. जूनमध्ये घरोघरी पाव.

आम्ही मात्र दोघांची कायम खिचडी केली. माझी आई तर एकदा जूनमध्येच आजारी बकरी घेऊन गेली.

"अक्का, जनावरांचे अँथनी जानेवारीत. आजचे हरवलेल्या वस्तूंचे."

"मंग हिनी भूकच दवडाई गयी शे ना, भाऊ! शोधी द्या."

काका पोट धरून हसले. मग पाणी शिंपडलं, आणि औषधही पाजलं. बकरी वाचली. श्रेय पाण्याला की औषधाला, यावर आईचं आणि काकांचं कधीच एकमत झालं नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटी त्यांना एकच घोर होता. "माझ्यामागे सतराला जनावरांचं कोण बघणार रे?"

मी म्हणालो, "होईल काका, काहीतरी." उगाच, तोंडदेखलं. त्याची आज सकाळपर्यंत लाज वाटत होती.

दारातली गर्दी बघून मी घाबरून भुसावळच्या फादरना फोन लावला.

ते म्हणाले, "पाणी शिंपडा, प्रत्येकाचं नाव घ्या. प्रार्थनेचं मी इथून बघतो."

मी डहाळी शोधतोय तोवर आई बादली घेऊन पुढे. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर ओटा न उतरलेली बाई!

"मले भाऊना मंत्र येत नही," ती बकऱ्यांना म्हणाली. "पन भाऊ काय सांगेत, ते याद शे. खा, पी, सुखमा ऱ्हाय."

एकेकाचं नाव घेऊन तिनं सगळ्यांवर पाणी शिंपडलं. पोपटावर जरा जास्तच. उरलेलं तुमच्या उंबऱ्यावर ओतलं आणि तिथेच बसून रडली.

मीही रडलो, काका. पण खूप दिवसांनी बरं वाटलं.

तेरा जूनला पाव मी वाटीन. त्या दिवशी मी कोणाला परत मागणार, ते तुम्हाला ठाऊक आहे.

निघा आता, काका. इथली काळजी सोडा.

बकऱ्या खातायत.