एकली मी

देवी आपल्याला विसरली असं वाटू लागलं, तेव्हा मी माहेरी बेंबळीला होते. नवऱ्यानं टाकलेली, आई नुकतीच गेलेली आणि वर दुष्काळ. दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहायची, संध्याकाळी भावजयीचं फुगलेलं तोंड बघायचं. आई आराधीण होती, तुळजाभवानीची गाणी म्हणत फिरायची. तिच्यामागं तिची कवड्यांची माळ माझ्या गळ्यात आली; तिचा गोड स्वभाव तेवढा आला नाही.

आमच्या आराधिणींच्या मेळ्यात एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी झेलायची, अशी रीत. एका मंगळवारी मी मनानं जुळवलेलं म्हटलं:

सुनं माझं घर आई, सुनी माझी वाट,
एकली मी, कुणापाशी सोडू मनाची गाठ?

कुणी झेललंच नाही. संबळ थांबला. मेळ्यातली थोरली बाई म्हणाली, "देवीपुढं असलं रडगाणं नगं बाई. घरी काय कमी रडतो व्हय?"

"मग खोटंखोटं हसू का?" असं फाडकन बोलून मी उठले खरी, पण मनात किडा शिरला. आपली हाकच देवीला नको असेल, तर माळ तरी कशाला मिरवायची? तुळजापूरला जाऊन ती पायाशी ठेवायची आणि पुन्हा गायचं नाही, असं मी ठरवलं.

देवळात उतरताना मधेच थांबले. पायऱ्यांवरच बसले आणि शेवटचं म्हणून तेच गाणं तोंडातल्या तोंडात म्हटलं. तोच मागून एका बाईनं ओळ झेलली. जशीच्या तशी. "एकली मी..." तर स्वतःचंच असल्यासारखं म्हणाली. हे दुःख माझ्या एकटीचंच, असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.

वळून पाहिलं, तर उन्हानं रापलेली एक म्हातारी. परंड्याकडची. म्हणाली, "लेकरं जगायला गेली. घरात मी आन् भिंती. सांगू कुणाला? सांगायला बोल तरी कुठं हायेत माझ्याकडं? तुझ्याकडं हायेत. मला शिकीव की हे."

"रडगाणं आहे, मावशी."

"आगं, आईच्या दारात न्हाय रडायचं तर कुठं?"

मग तिथंच बसून मी तिला गाणं शिकवलं. ती चुकायची, मी ओरडायचे, ती हसायची. दर्शनाच्या गर्दीत ती पुढं गेली आणि पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, हे मी कधी शोधलं नाही. मला तेवढं पुरलं. देवीसमोर उभी राहिले तेव्हा माळ काढायला गेलेले हात आपसूक जोडले गेले. मागायचं काहीच सुचेना. आई, तू दिलंस ते गाणं रडकं का होईना, ते म्हणायचं माझ्याकडं आणि झेलणारं कुणी पाठवायचं तुझ्याकडं, एवढंच म्हणाले आणि पोटभर रडले.