तुम्ही ओरडत राहा, मिस

माझी थोरली बहीण तंजावरात मुलींना बास्केटबॉल शिकवते. मी तिला अक्का म्हणते, तिच्या मुली तिला मिस म्हणतात. रोज सकाळी साडेपाचला ती शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर पोचते आणि आधी खराटा हातात घेते, कारण कडुनिंबाच्या ओल्या पानांवरून पाय सरकतो. सहाच्या सुमारास पहिल्या बसेस येतात. ओरत्तनाडू, पापनाशम, तिरुवैयारूच्या मुली धावत आत शिरतात. एखादीची वेणी अर्धीच घातलेली, एखादीच्या तोंडात इडलीचा शेवटचा घास. साडेआठला मुली वर्गात जातात. अक्का घरी येऊन आंघोळ करते आणि दहाला बँकेच्या काउंटरवर बसते. हे अठरा वर्षं चाललं आहे.

ती स्वतः बाराव्या वर्षी खेळायला लागली. त्या वर्षी ती वडिलांच्या खांद्याच्या वर गेली होती आणि घरात त्याची काळजी सुरू झाली होती. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी तिला बास्केटखाली उभं केलं. वडील महसूल खात्यात होते. मुलीने अर्धी चड्डी घालून चारचौघांत धावावं हे त्यांना पसंत नव्हतं. आई म्हणाली, "खेळूं दे की. उंची कोठे तरी कामास येऊं दे." एवढ्यावर परवानगी मिळाली.

संध्याकाळी घरामागच्या अंगणात सराव चाले. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. तिला अडवणं आणि नालीत गेलेला चेंडू आणून देणं ही माझी कामं. ती मला पाच शब्दांत हुकूम सोडायची. 'भिंत' म्हणजे उभी राहा आणि समोरच्याची वाट अडव. 'मागून' म्हणजे पाठीमागून वळसा घालून बास्केटकडे धाव. 'पलीकडे' म्हणजे दुसऱ्या बाजूला जा. 'सोड' म्हणजे चेंडू दुसऱ्याला दे. 'थांब' म्हणजे थांब. आमचं घर तंजावरातल्या जुन्या मराठी घरांपैकी; घरात बोलणं मराठीत, म्हणून हुकूमही मराठीत. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता.

सोळाव्या वर्षी ती जिल्ह्याकडून खेळली, एकोणिसाव्या वर्षी राज्याकडून. खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. सव्विसाव्या वर्षी एका सामन्यात उडी घेऊन ती उजव्या पायावर वाकडी पडली. बेंचवरून प्रशिक्षक ओरडले, ऊठ, खेळ. ती उठली आणि उरलेला सामना पूर्ण खेळली. संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येईना. शस्त्रक्रिया झाली. गुडघा चालण्याइतका बरा झाला, खेळण्याइतका झाला नाही. पुढची दोन वर्षं ती बँकेतून घरी लांबच्या रस्त्याने यायची, कारण जवळच्या रस्त्यावर कोर्ट होतं.

मग तिच्या जुन्या शाळेने मुलींना शिकवशील का म्हणून विचारलं. पहिल्या सकाळी सात मुली आल्या. त्यातल्या तिघींच्या नाकावर चेंडू बसला आणि एक रडत घरी गेली. अक्का त्या संध्याकाळी जवळच्या रस्त्याने परत आली.

पाच शब्द तिने पहिल्याच वर्षी कोर्टावर आणले. सामने कुंभकोणम, तिरुची, मदुरैच्या संघांशी होत. तमिळमध्ये डाव सांगितला तर समोरच्या मुलींना कळणार, इंग्रजीतला तर सगळ्यांनाच पाठ. मराठी कोणाला येत नव्हती. तिच्या मुली 'भिंत' चं 'बिंद' करत, पण हाक आली की डोकं चालवायच्या आधी पाय हलवत. समोरचे संघ चक्रावत. एका मुलीच्या आईने मला हळूच विचारलं होतं, "मिस सामना चालू असताना कसला मंत्र म्हणतात?"

गेल्या वर्षीच्या संघात ओरत्तनाडूची एक मुलगी होती. ती पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी आणि डाव मांडणारी. बुटकी, सडपातळ, बोलणं कमी. तिचे वडील भाताच्या गिरणीत पोती तोलायला असत. बारावीच्या वर्षी ते एका सकाळी कोर्टावर आले आणि चपला बाहेर काढून उभे राहिले. अक्काने आत या म्हटलं तरी चपला घातल्या नाहीत.

चेन्नईच्या एका महाविद्यालयाने मुलीला खेळाडूंच्या कोट्यातून जागा, वसतिगृह आणि जेवण देऊ केलं होतं. अट एकच: आंतरराज्य शालेय स्पर्धेत पहिल्या तीन संघांना मिळणारं प्रमाणपत्र हवं.

"कागद आला तर जाईल," वडील म्हणाले. "नाही आला तर पापनाशमला माझ्या बहिणीचं कपड्यांचं दुकान आहे, तिथे बसेल. धाकटा अजून शिकतो आहे, मिस. मला दोन्हीकडे जमणार नाही."

"कागद येईल," अक्का म्हणाली. असं आश्वासन तिने याआधी कोणाला दिलेलं मला माहीत नाही.

स्पर्धा कर्नाटकात होती. मुलींच्या संघाबरोबर प्रशिक्षकाशिवाय आणखी एक स्त्री व्यवस्थापक लागते. मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून आठ दिवसांची रजा काढून गेले. लिंबूभाताचे डबे मोजणं आणि ओळखपत्रं सांभाळणं एवढंच काम होतं. मुली मला मॅनेजर अक्का म्हणत आणि माझ्या शिट्टीला घाबरत नसत. आंध्रचा संघ हरला, केरळचा हरला. उपान्त्य सामना आम्ही हरलो. तिसऱ्या जागेसाठी एक सामना उरला.

आदल्या संध्याकाळी फळ्यावर समोरच्या संघाचं नाव लागलं. शाळेच्या नावापुढे महाराष्ट्र असं स्वच्छ लिहिलेलं होतं. अक्काने ते वाचलं, मीही वाचलं. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुका हुडकण्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. आम्हा दोघींपैकी कोणालाच काही सुचलं नाही. मराठी ही आमच्या लेखी आमच्या घरात आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत बोलायची गोष्ट होती. एक अख्खं राज्य ती बोलतं हे आम्हाला माहीत होतं, पण ते भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखं.

सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि काहीतरी बिघडलेलं दिसू लागलं. अक्का 'मागून' ओरडली की आमची मुलगी वळायच्या आत त्यांची मुलगी वळून उभी असे. 'पलीकडे' म्हटलं की त्यांच्या दोघी पलीकडे हजर. मग त्यांची सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी उंच मुलगी, ओरडली, "अगं, भिंत येतीय, भिंत! सरक!"

त्यांच्या बेंचवर हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांच्या मॅडम मराठीत सांगतायत!"

"कान आहेत मला," त्यांच्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "दात काढू नका, ऐका."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "यांस कळतें," ती म्हणाली.

"मराठी आहेत की ते."

"होय की," अक्का म्हणाली, आणि खाली बसली.

मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. मुली घाम पुसत भोवती जमल्या. तिरुवैयारूची मुलगी म्हणाली, "मिस, तमिळमध्ये सांगा ना. यांना तमिळ कुठे येतंय?" इतकं सोपं होतं ते. अक्काने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्या हसल्या.

पण ते चाललं नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अक्का तमिळमध्ये ओरडू लागली आणि मुली अडखळू लागल्या. तमिळ त्यांची घरची भाषा. तिच्यात काही सांगितलं की त्या आधी ऐकत, मग समजून घेत, मग हलत. तेवढ्यात समोरची पुढे निघून गेलेली असे. शिवाय अक्काच्या तोंडून घाईच्या वेळी मराठीच बाहेर पडे. एकदा तिने अर्धं वाक्य तमिळमध्ये आणि अर्धं मराठीत म्हटलं, तेव्हा आमच्या दोघी एकमेकींवर आदळल्या.

शेवटच्या क्वार्टरच्या आधीही आम्ही नऊ गुणांनीच मागे होतो. अक्काने काही सांगायला तोंड उघडलं तर ओरत्तनाडूची मुलगी मध्येच बोलली. तीन वर्षांत ती मध्ये बोललेली मी पाहिली नव्हती.

"मिस, तुम्ही मराठीतच ओरडत राहा."

"आणि?"

"आम्ही ऐकणार नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. अक्का हसली नाही. "म्हणजे मी उलटं ओरडू?"

"नको मिस. उलटं ओरडायला गेलात तर तुमच्या तोंडावर दिसतं. तुम्हाला जे दिसेल ते खरं ओरडा. त्या मुली त्याच्यामागे धावू देत. आम्ही मग बघतो."

शिट्टी झाली. विचार करायला वेळ नव्हता. अक्का रेषेपाशी जाऊन उभी राहिली.

पुढची दहा मिनिटं मी तिला पाहत होते. सामन्याकडे माझं लक्ष कमीच होतं. ती 'भिंत' ओरडे, त्यांच्या मुली भिंत टाळायला सरकत आणि आमची मुलगी सरळ निघून जाई. ती 'थांब' ओरडे आणि कोणी थांबत नसे. अठरा वर्षं तिच्या एका शब्दावर पाय हलले होते; आता ती घसा फोडून सांगत होती आणि समोर एकही मुलगी मान वळवत नव्हती. तिच्या मुठी वळलेल्या होत्या. डावीकडे पास द्यायचा सोडून मुलगी उजवीकडे गेली की अक्काचं शरीर डावीकडे झुके, मग चेंडू बास्केटमध्ये पडे, आणि ती सरळ होई. नऊ गुण कमी होत होत एकावर आले.

शेवटच्या काही सेकंदांत चेंडू ओरत्तनाडूच्या मुलीकडे होता. डाव्या कोपऱ्यात पापनाशमची मुलगी एकटी उभी होती. तिथून तिचा नेम क्वचित चुके. अक्का ओरडली, "सोड! सोड ग, सोड!" हा आवाज वेगळा होता. त्यात नाटक नव्हतं, विनवणी होती.

मुलीने चेंडू सोडला नाही. मधून घुसली आणि उडाली. चेंडू फळीवर लागला, कड्यावर एकदा फिरला आणि आत पडला.

एका गुणाने आम्ही जिंकलो.

गलका ओसरल्यावर महाराष्ट्राच्या बाई हात मिळवायला आल्या. "कुठल्या तुम्ही?"

"तंजावरच्या," अक्का म्हणाली.

"तिथे कधी गेलात?"

"आम्ही गेलों नाही. तेथलेंच आम्ही."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बोलता मात्र गोड. माझ्या पोरी तुमचं ऐकतच बसल्या, तिथेच हरलो."

बसमध्ये अक्का ओरत्तनाडूच्या मुलीशेजारी जाऊन बसली. "ती कोपऱ्यात मोकळी होती," ती म्हणाली.

"होती मिस. तुम्ही ओरडलात आणि त्यांची उंच मुलगी तिच्याकडे धावली. म्हणून मधे जागा झाली."

"मी तेव्हा खरंच सांगत होते."

"माहीत आहे मिस. म्हणून तर त्यांना खरं वाटलं."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी प्रमाणपत्र घेऊन ओरत्तनाडूला गेलो. मुलीच्या वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, इंग्रजी मजकुरात मुलीचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "खरं सांगू का मिस, हा कागद येईल असं मला वाटलं नव्हतं." त्यांनी प्रमाणपत्र गुडघ्यावर ठेवलं. "चेन्नई लांब आहे. इथे तुम्ही आहात. ती तुमचं ऐकते. तिथे तिला सांगणारं कोण आहे?"

मुलगी दारात उभी होती. तिने अक्काकडे पाहिलं. तिथेही शिक्षक असतात, वसतिगृहाला वॉर्डन असतात, मी फोन करत जाईन, असं म्हणता आलं असतं. मी तेच म्हणणार होते.

"ती माझं ऐकत नाही," अक्का म्हणाली.

वडिलांनी मान वर केली.

"शेवटच्या क्षणाला मी तिला ओरडून सांगितलं, चेंडू दुसरीला दे. तिने नाही दिला. माझं ऐकलं असतं तर हा कागद तुमच्या हातात नसता. तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. माझं चुकलं होतं."

अक्काच्या तोंडून हे तीन शब्द मी त्याआधी ऐकलेले नव्हते. वडिलांना, आईला, बँकेतल्या साहेबांना, मला, कोणालाही ती ते म्हणाली नव्हती. मुलगी खाली बघत होती आणि पायाच्या अंगठ्याने उंबरा घासत होती.

"घरातही ऐकत नाही," आतून तिची आई म्हणाली. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"अम्मा!"

वडिलांनी प्रमाणपत्र उचलून भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे सरकवलं. परत येऊन बसले नाहीत, खुंटीवरचा शर्ट काढून अंगात चढवू लागले. बटणं लावता लावता त्यांनी अक्काला विचारलं, "वसतिगृहात बादली ते देतात, की आपली आपण न्यायची?"

"आपली न्यायची," अक्का म्हणाली. "बादली आणि तांब्या, दोन्ही."

"रविवारी दुकानं दुपारीच बंद होतात." ते दारापर्यंत गेले आणि मुलीपाशी थांबले. "कोणत्या रंगाची?"

"निळी आणा, मळ दिसत नाही," आतून आई म्हणाली.

"लाल," मुलगी म्हणाली.