अर्धेमामा आणि तिसरी तक्रार

ऑपरेशनच्या सकाळी पेशंटच्या अंगावरचे केस काढायचे, हे मामांचं काम. पोट, पाय, पाठ. डॉक्टर सांगतील तिथले. दाढी त्यात येत नाही. ती मामा आपणहून करतात, तीही एकाच गालाची. मग वस्तऱ्याचा डबा बंद करून म्हणतात, "उरलेली उद्या."

म्हणून सगळा वॉर्ड त्यांना अर्धेमामा म्हणतो.

"लोकांची अशी सोंगं करून काय मिळतं हो तुम्हाला?" बायकोने एकदा विचारलं.

"माणूस घाबरून आत जातो. मी त्याला चिडवून पाठवतो. चिडलेला माणूस भांडायला तरी परत येतो."

बायकोने कपाळावर हात मारला.

नव्या हेडसिस्टरांनी तक्रारवही ठेवली. तिच्यात मामांच्या नावे दोन तक्रारी जमा झाल्या. "तिसरी आली की वस्तऱ्यासकट घरी," सिस्टरांनी बजावलं. मामांनी कान पकडले.

आणि नऊ नंबरच्या खाटेवर हर्नियाचे हेडमास्तर आले. सगळ्या वॉर्डाला शिस्त लावत होते, पण हातातला पेपर थरथरत होता.

मामांनी पोट साफ केलं. पेपराकडे पाहिलं. राहवलं नाही. एक गाल गुळगुळीत केला आणि डबा मिटला.

"आणि हा गाल?"

"उद्या, गुरुजी."

"हा काय चावटपणा? वही आणा!"

स्ट्रेचर आलं तेव्हा ते वहीत चौथा मुद्दा लिहीत होते. थिएटरच्या दारापर्यंत ते ओरडत गेले, "माझी तक्रार अर्धी राहिलीय! वहीला कुणी हात लावायचा नाही!"

हात आता अजिबात थरथरत नव्हता.

"तक्रार पूर्ण होऊ दे, मग बघते," सिस्टर मामांना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा साबणाचा फेस करून खाटेपाशी उभे. शेजारी वही घेऊन सिस्टर. हेडमास्तरांनी डोळे उघडले. हात आधी गालावर गेला.

"आधी दाढी की आधी वही, गुरुजी?" मामांनी विचारलं.

"वही."

हेडमास्तरांनी चारही मुद्दे शांतपणे वाचले. एका ठिकाणी काना दुरुस्त केला. मामांकडे पाहिलं. मग वही मिटून उशीखाली सरकवली.

"उरलेली तक्रार, टाके काढायला येईन तेव्हा."

"अहो, पण सही..." सिस्टर म्हणाल्या.

"मान वर, गुरुजी," मामा घाईघाईने म्हणाले. "आता बोलायचं नाही. वस्तरा लागेल."