धोंडू कोण होता?

ही गोष्ट मी भर सभेत दहा-बारा वेळा तरी सांगितली आहे — अंबरनाथला, बदलापूरला, उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये — हातात माईक धरून, नेमक्या जागी आवाज कापरा करून. लोकांनी डोळे पुसले आहेत. आणि तरीही ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. ज्या डॉक्टरबाईंच्या वहीत ती लिहायला हवी होती, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगायचं तर, ती पोटात ठेवून ठेवून मला माझाच वैताग आला आहे.

वैतागापासूनच सुरुवात करतो, कारण त्या दिवसांत आमच्या घरात दुसरं होतं काय?

आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस — आणि त्याच्याच घरात चष्मा तांदळाच्या डब्यात, चपला देव्हाऱ्यात, दाराची किल्ली पाण्याच्या हंड्यात. जेवून हात धुतलेली आई पाच मिनिटांनी विचारायची, आज सयपाक न्हाई का? एकदा विचारलं तर माणूस हसून सांगतो. विसाव्यांदा? शुभदाने, माझ्या बायकोने, शाळेतली नोकरी सोडली आणि दिवसभर ती आईच्या मागे फिरू लागली. मी दिवसभर कारखान्यात असायचो, म्हणून संध्याकाळी मला आईवर ओरडायचं त्राण असायचं. शुभदाला तेवढंही उरायचं नाही.

आणि वर सल्ले! रात्री भिजवलेले बदाम द्या. ब्राह्मीचं तेल थापा. वय झालं की चालायचंच हो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या चाळीत कधीच वाण नव्हती. पण त्यांना तरी काय बोल लावायचा? कारण पाहुणा दारात आला की आई ठणठणीत. या, बसा, पोरंबाळं बरी हायेत ना, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई. येणारा चहा पिऊन उठायचा आणि जाताना आमच्याकडे असा बघायचा, की या नवराबायकोनेच म्हातारीला वेडी ठरवायचं मनावर घेतलंय. तो जिना उतरला की आई विचारायची, कोन आलं होतं?

मुंबईच्या एका इस्पितळातली तरुण डॉक्टरबाई या आजाराचा अभ्यास करत होती. तिलाही आईने पहिल्या भेटीत गुंडाळलं. पंतप्रधान कोण, असं तिने विचारलं, तर आई म्हणाली, कुनी का असंना, आपल्याला कुटं त्याच्याकडं जेवायला जायाचंय. डॉक्टरबाई खळखळून हसली. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पण बाई हुशार होती. तिने आमच्यासारखी पाच घरं शोधून काढली आणि दर रविवारी नगरपालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात आम्हाला एकत्र बसवलं. तिथे पहिल्यांदा कळलं की दुसऱ्यांच्याही चपला देव्हाऱ्यात असतात. तिने प्रत्येक घराला एक वही दिली होती. रोज भरायची — काय आठवलं, काय नाही, कुणाला ओळखलं. ती सांगायची, नवं आधी पुसलं जातं, जुनं तळाशी टिकून राहतं. तेव्हा जुन्यातलं काही अचानक वर आलं तर ते नक्की लिहा, माझ्या कामाचं तेच आहे. माझ्या वहीत ‘मुलाला ओळखलं का’ या रकान्यात दीड वर्ष एकच शब्द होता. नाही. आई मला ‘अहो’ म्हणायची. कधी ‘हापिसातले’ म्हणायची.

इथे मला माझ्या नावाचं सांगायला हवं. सांगायचं टाळत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी विनायक. पण ते शाळेतलं नाव. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती. आमच्या मुरबाडकडच्या गावात अशा वेळी पुढच्या पोराचं नाव ठेवायचे दगडू नाही तर धोंडू. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, हा कसला पोर, हा तर धोंडा, आणि त्याने पुढे निघून जावं. मी धोंडू झालो आणि जगलो. दहा वर्षांचा असताना आम्ही अंबरनाथला आलो, वडिलांनी शाळेत विनायक लावलं, पण घरात मी धोंडूच. मॅट्रिकच्या वर्षी वर्गातले मित्र घरी आले असताना आईने ‘धोंडू, जेवाया ये’ अशी हाक मारली, आणि पुढचा आठवडाभर शाळेत माझी जी गत झाली! मी दोन दिवस जेवलो नाही. आईला बजावलं, पुन्हा हे नाव घ्यायचं नाही. तिला भीती वाटत होती, नाव टाकलं तर मरणाला पत्ता लागेल. पण माझ्या हट्टापुढे तिने हात टेकले. म्हणाली, “बरं. लोकांत न्हाई म्हननार. मनात म्हनंन.”

पस्तीस वर्षं तिने शब्द पाळला. माझ्या लग्नाआधीच वडील गेले, गावचं घर पडलं. शुभदालाही हे नाव ठाऊक नव्हतं.

तर, आम्हा पाच घरांना एक खोली हवी होती. दुपारी चार-पाच तास या माणसांना सांभाळता येईल, आणि घरातल्या बायकांना निदान आंघोळ तरी निवांत करता येईल, अशी खोली. त्यासाठी आम्ही अंबरनाथच्या एका शाळेच्या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले कापडाचे सिंधी व्यापारी किशनचंद शेठ पहिल्या रांगेत होते. त्यांच्या गोदामामागे एक रिकामी खोली होती आणि आमचा सगळा डोळा तिच्यावर. शेठ माणूस मनाने मोठा, पण त्यांना हे पटतच नव्हतं. साईं, ये तो बुढ़ापा है, बुढ़ापे का भी चंदा लेते हो क्या, असं ते मला आधीच हसत म्हणाले होते.

मध्यंतरात मी बोललो. माझी आई मला ओळखत नाही, असं सांगितलं. आईला आम्ही स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. आणि आईने काय करावं? शेठना हात जोडले, गोड हसली, घरची मानसं बरी हायेत ना म्हणून विचारलं. शेठ मागे वळून मोठ्याने म्हणाले, ये तो बिलकुल ठीक हैं. सभागृहात हशा पिकला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्षाचा सगळा राग एकदम वर आला. मी माईक तिच्या तोंडापाशी नेला आणि म्हणालो, आई, मी कोण, सांग या सगळ्यांना. तिला उत्तर येऊ नये, अशी माझी इच्छा होती. कुठला मुलगा असं इच्छितो? मी इच्छिलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्या गालावर तळवा ठेवला आणि माईकमध्ये स्वच्छ म्हणाली, “ह्यो माजा धोंडू. ह्येच्या आदी तीन गेली, म्हनून —”

मी माईक काढून घेतला.

हसलो. आणि म्हणालो, “ऐकलंत? धोंडू. माझं नाव विनायक आहे.”

सगळं सभागृह हळहळलं. शेठनी चष्मा काढून डोळे पुसले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने गालावरचा हात काढून स्वतःच्या ओठांवर ठेवला आणि म्हणाली, चुकलं. ते फक्त मला ऐकू आलं. लोकांत नाव न घेण्याचा मला दिलेला जुना शब्द तिला आठवला होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

खोलीसाठी केलं — वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पाच घरांचं भलं झालं, एका खोट्याने काय बिघडलं? पण तेही खरं नाही. पहिल्या रांगेत माझे कारखान्यातले साहेब बसले होते. मागे चाळीतली माणसं होती. पन्नाशीच्या स्टोअरकीपरला चारचौघांत धोंडू व्हायची लाज वाटली. बस, एवढंच. खोली नंतर सुचली.

घरी येऊन मी वही उघडली. रकान्यात लिहिलं, नाही.

दोन महिन्यांनी शेठच्या खोलीचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, पेढे वाटले. शेठ माझ्याजवळ आले आणि चारजणांत त्यांनी विचारलं, “वो धोंडू कौन था, विनायकभाई?”

मी म्हणालो, “मामा थे मेरे. गुज़र गये.”

विचारसुद्धा करावा लागला नाही. शेठनी कपाळाला हात लावला, आणि मी काही म्हणायच्या आत ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला आईच्या खुर्चीपुढे जाऊन उकिडवे बसले. तिला हिंदी कळणार नाही म्हणून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत हात जोडून म्हणाले, “माताजी, धोंडू गेला, ऐकला मी. देवाची मर्जी.” इतक्या मायेने आमच्या घरात तिच्याशी वर्षभरात कुणी बोललं नव्हतं.

आईने विचारलं, “कवा?”

शेठना नाही, मला विचारलं. मी म्हणालो, पेढा खा आई. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरेल. त्या आजाराचा मला दिसलेला तेवढा एकच फायदा होता.

विसरली नाही. जेवलेलं विसरायची, न्हालेलं विसरायची, शुभदाचं नाव विसरायची — हे नाही विसरली. पदर डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. आल्यागेल्याला सांगायची, तीन गेली, आता चौथाबी गेला. शुभदा मला विचारायची, हा धोंडू कोण? मी म्हणायचो, मामा. डॉक्टरबाईने विचारलं, हे अचानक कुठून आलं, यांचा कुणी मुलगा होता का या नावाचा? मी म्हणालो, मामा. तिने बिचारीने तसंच लिहून घेतलं.

तीन दिवस आईने अन्नाला हात लावला नाही तेव्हा मी घाबरलो. शुभदा बाजारात गेल्याचं बघून आईपुढे बसलो, तिचा हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणालो, आई, मी धोंडू.

तिने हात हळूच सोडवून घेतला. रागावली नाही. समजूत घालावी तसं म्हणाली, “मेल्याचं नाव जित्त्यानं घिऊ नये. तुमच्या आयेला काय वाटंल?”

तुम्ही म्हणाल, बिचारा, आणखी काय करणार होता? थांबा. करण्यासारखं होतं. तिने ती बातमी शेठच्या तोंडून ऐकली होती, शेठवर तिचा विश्वास होता. शेठ एकदा तिच्यापुढे बसून म्हणाले असते, माताजी, चूक झाली, धोंडू आहे, हा बघा — तर तिने कदाचित मानलं असतं. नसतंही मानलं. पण मी विचारून तरी बघायचं होतं. कॅम्प दोन काही सातासमुद्रापार नव्हतं, दर आठवड्याला मी त्या खोलीवर जात होतो, शेठ गादीवर बसलेले दिसायचे, चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांना एवढंच सांगायचं होतं, शेठ, धोंडू मीच. आई पुन्हा जेवू लागली, आणखी दोन वर्षं जगली; त्या दोन वर्षांत शंभरदा त्यांच्यासमोर बसलो आणि कापडाचे भाव, पाण्याची बोंब, खोलीचे पत्रे, असलं सगळं बोलून उठलो.

आणि दरम्यान सभा चालूच होत्या. मी सांगत होतो — माझी आई मला भलत्याच नावाने हाक मारते. लोक हळहळत होते. दुसरी खोली बदलापूरला निघाली. माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे.

आई दुपारी गेली, साध्या तापाने. आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावून विचारलं होतं, तुमाला किती पोरं? दोन, म्हणालो. म्हणाली, जपा.

शुद्धीत होती शेवटपर्यंत. ती गेली तेव्हा तिच्या लेखी तिचं एकही मूल मागे उरलेलं नव्हतं. मी उशाशी बसलो होतो.