आखरावर वाचलेला कागद

मावला गावाकडून आदिलाबाद शहरात शिरताना रस्त्याच्या उजव्या हाताला दुकानांची रांग लागते. तिथं आमचं गाव होतं. आता लोक कॉलनी म्हणतात. मीसुद्धा रिक्षावाल्याला कॉलनीच सांगतो, नाही तर तो आणत नाही. गावाचं जुनं नाव इथं लिहीत नाही. ज्याच्या हातून गेलं त्यानं ते मिरवू नये.

हो, माझ्याच हातून. इतकी वर्षं बोललो नाही, आता लिहितो.

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार सगळा उर्दूत. गावात शिकलेला मी एकटा. शिकलेला म्हणजे काय, तर शहरातल्या शाळेत एक पावसाळाभर बसलो होतो. पहिलीच्या उर्दू पुस्तकातली छापील अक्षरं जुळवता यायची, आकडे यायचे. तेवढ्यावर मी फेटा तिरपा बांधायचो अन् कानावर पेन्सिल ठेवून गावभर हिंडायचो.

गावाच्या तोंडाशी मोठ्या चिंचेखाली आखराची जागा होती. सकाळी घरोघरची गुरं तिथं जमायची आणि आमचा ढोरकी ती रानात चारायला न्यायचा. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, मी त्याला काका म्हणायचो. कोणाची गाय गाभण, कोणाचा बैल मारका, हे त्याला घरच्यांच्या आधी ठाऊक असायचं.

एका सकाळी गुरं जमलेली असताना तहसीलीचा चपराशी सायकलवर आला. माझ्या कानावरची पेन्सिल बघून त्यानं एक कागद माझ्याच हातात दिला. "पढ के सबको सुना दो," म्हणाला आणि सायकल वळवली. पटवारी गावात नव्हता. त्याचं बिऱ्हाड शहरात, तो यायचा महिन्यातून एकदा.

"वाच ना बाप्पा," काका म्हणाला, "काय म्हन्ते सरकार?"

मी कागद उघडला. कारकुनाच्या पळत्या हाताचं लिहिणं होतं ते. एका अक्षराच्या शेपटात दुसरं गुंतलेलं. माझ्या पुस्तकातलं एकही अक्षर त्यात सापडेना. खालच्या ओळीत पंधराचा आकडा तेवढा ओळखू आला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला हे येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. शहर कोसभरावर, कोणाकडूनही वाचून आणता आलं असतं. पण डोक्यावर घागर घेऊन माझी बायकोही तिथं थांबली होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

"जनावरायची मोजनी हाय," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत सायब येनार. सारे ढोरं आखरावर हजर पायजेत."

"म्हशी बी का?" एका म्हातारीनं विचारलं.

"म्हशीनं काय सरकारचं घोडं मारलं? म्हशी बी!"

लोक हसले. मीही हसलो. काकानं कागद चिंचेला अडकवून दिला.

पंधरा दिवस गावानं गुरं धुतली. काकानं शिंगांना गेरू लावला. साहेब आला आणि गुरं रानात असली तर पंचाईत, म्हणून तो रोज ऊन चढेपर्यंत आखरावरच थांबायचा. "सायबाचं घोडं लंगडं झालं वाट्टे," लोक म्हणायचे. साहेब काही आला नाही. सोळाव्या दिवशी काकानं कागद काढला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि गुरं घेऊन रानात गेला.

दिवाळीनंतर शहराची माणसं येऊन खुंट्या ठोकू लागली. आमचं गाव शहराचा मोहल्ला झालं होतं. चिंच तोडली, आखराच्या जागेवर नाका उभा राहिला. आम्ही आठदहा जण तहसीलीत गेलो. तिथं सांगितलं, मुदत गेली.

"आमाले कोनी सांगतलंच नाई!" लोक ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

गुरांना जमायला जागा राहिली नाही. लोकांनी ती दारात बांधली, मग एकेक करून बाजारात नेली. हाकायला काही उरलं नाही तेव्हा काका वांकिडीला लेकीकडं राहायला निघाला. जायच्या दिवशी दुपारी माझ्या ओसरीपाशी आला. बस म्हणालो तरी बसला नाही. खिशातून तो कागद काढला.

"शयरातल्या मुनशीनं वाचून दाखवला मले. गाव शयरात घ्याचं हाय, कोनाची हरकत असंल तं पंधरा दिवसांत सांगा, असं लिवलं हाय म्हने."

आत बायको भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"मुनशी खोटं बोलून राह्यला," मी म्हणालो. "म्या वाचलं ना माह्या डोयानं. मोजनीच होती."

काकानं कागद ओसरीच्या कडेला ठेवला. "असंल बाप्पा. म्या कोनाले सांगतलं नाई."

तो कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मला दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पुढं मी हट्टानं उर्दू शिकलो. दिवसा औत, संध्याकाळी मौलवीसाहेबांची ओसरी, अशी दोन वर्षं. कसलंही पळतं लिहिणं घडाघडा वाचू लागलो. मग निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या. तो कागद अजून पेटीत आहे, घडीवर फाटलेला. चारच ओळी आहेत.

बायको त्या दुपारबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. फक्त घरात कुठला कागद आला की तो पदराखाली घेऊन शेजारच्या दुकानदाराकडं वाचायला न्यायची. मी ओसरीवर बसलेला असायचो. माझ्या समोरून न्यायची.

वांकिडीची बस नाक्यावरूनच जाते. काका जिवंत होता तोवर मी तिच्यात चढलो नाही.