पूल होऊन डावीकडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. भावाच्या मुलीला सांगायची गरजच नाही — ती तिथं होती. तुम्हाला सांगते. वाचून माझ्याबद्दल बरं वाटणार नाही, तेही ठाऊक आहे.

तंजावुरात तेव्हा इंग्रजीचं नुसतं खूळ माजलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या आणि स्पोकन इंग्लिशच्या पाट्या. मुलींच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवत होते आणि मला नव्या पद्धतीचं भलतंच कौतुक. चौघींचा गट, चौघींच्या हातात चार चिठ्ठ्या, प्रत्येकीवर रस्त्याचा एकेक तुकडा. चिठ्ठी दाखवायची नाही. इंग्रजीत विचारायचं, सांगायचं आणि मिळून स्टेशनपर्यंतचा रस्ता काढायचा. शिक्षिकेनं मध्ये पडायचं नाही. हा नियम मीच फळ्यावर लिहायचे — काय तोरा होता माझा.

आमच्या तंजावुरी मराठी घराण्याची एक खोड आहे. चारचौघांत कुणाला कळू नये असं बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. साडीच्या दुकानात, पाहुण्यांसमोर भात कमी पडला तर, बसमध्ये. त्यात काही वाईट आहे असं कधी कुणाला वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं होतं?

वर्ग बघायला शिक्षणखात्याचे साहेब आले त्या दिवशी माझी भाची सुमित्रा पहिल्या बाकावर होती. तिचा गट अडला. साहेब तिच्याच डोक्याशी उभे. मी कागद सरळ केल्यासारखं करत वाकले आणि हळूच म्हणाले, “पूल होऊन डावीकडे, म्हणून सांग.” आमच्या घरच्या मराठीत होऊन म्हणजे ओलांडून.

झालं. तिचा गट पहिला आला.

मागच्या बाकावर सेल्वी होती. पापनाशमच्या पलीकडच्या खेड्यातून पहाटेच्या बसनं येणारी, आठवीपर्यंत तमिळ माध्यमात शिकलेली. इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत तिला माझ्याच शब्दावर, वर्षभर बघू म्हणून घेतलं होतं. तिचा गट अजून एकमेकींना विचारत होता — चुकत, थांबत, पण खरोखर विचारत. तिला मराठी कळत नव्हतं. पण मी वाकले, बोलले आणि सुमित्रानं लगेच लिहिलं, हे तिला दिसलं. ती उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, मिसनी त्यांच्या घरच्या भाषेत उत्तर सांगितलं. क्रियापद चुकलं. बाकी सगळं बरोबर होतं. न विचारता, सगळ्यांसमोर, वर्षभरात पहिल्यांदा ती एक अख्खं वाक्य बोलली होती. याचसाठी तर मी त्या चिठ्ठ्या कापत बसायचे ना?

आणि मी काय केलं? हसले. फर्ड्या इंग्रजीत साहेबांना म्हणाले, मी मुलीला नीट बस म्हणून दटावत होते. साहेबांबरोबर आलेल्या मुख्याध्यापिकांनी सुमित्राला विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. चौदा वर्षांच्या पोरीला मी तेही शिकवलं.

शिक्षिकेवर खोटा आळ घेणारी मुलगी इंग्रजी तुकडीत नको, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. तुमचं काय मत, हेही त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. सोमवारी सेल्वी पुन्हा तमिळ तुकडीत गेली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षिका मध्ये न पडता मुलींना शिकू देतात. तो शेरा मी सगळ्यांना दाखवत फिरले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. भीती होती, नोकरी होती, घरची पोरगी होती — कसली भीती? साहेब फार तर नाक मुरडून निघून गेले असते.

सेल्वी आता तंजावुरातच असते. रस्त्यात भेटली तर मिस म्हणून अजून थांबते. खोटं मी बोलले, ती नाही, हे तिला माहीत आहे. तिच्या आणि सुमित्राशिवाय कुणालाच माहीत नाही.

आणि हे कबूल करायला मी बसले ते कुठल्या भाषेत? ही लिपी मला वडिलांनी शिकवली. घरात आता माझ्याखेरीज ती कुणाला वाचता येत नाही. सेल्वीला तमिळ वाचता येतं, इंग्रजीही येतं. मी मराठीत लिहिलं.