जावक क्रमांकाची बातमी

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या साली क्षमाबाई सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मंत्र्याचा माणूस खेकसला तरी क्रमांक पडल्याशिवाय त्यांनी एक कागद दाराबाहेर जाऊ दिला नाही. नवरा लवकर गेला. शिशिरला त्यांनी याच नोकरीवर शिकवलं, आणि आता तो नवा रायपूरला सरकारच्या प्रचाराचं काम कंत्राटावर करायचा. पाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, कुणाला नोटीस आली की ती आधी क्षमादीदीकडे यायची. त्या शिक्का बघायच्या, क्रमांक बघायच्या. मग सांगायच्या, "खरं हाय."

त्या सकाळी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टी फुटली. भांडी घासायला येणारी शेवंता मूळची गोंदियाची, आता बीरगांवची. तिचा नवरा भैय्यालाल तिथंच कामाला, आणि फोन उचलत नव्हता.

"दीदी, साऱ्या बाया गेटवर चालल्या. मी बी जातो."

तेवढ्यात क्षमाबाईंच्या मोबाईलवर पाऱ्याच्या ग्रुपमध्ये सरकारी पत्र आलं. जीवितहानी नाही, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हा दाखल होईल. खाली सत्ताधारी पक्षाच्या पोरांनी टाकलेली जोडलेल्या हातांची, झेंड्यांची चित्रं. वर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का.

"काहून जातेस? हे पाय, नंबर हाय. तिथं पोलीस उचलून नेतील तुले."

शेवंताला वाचता येत नव्हतं, पण दीदीचं बोट क्रमांकावर होतं. तिनं भांडी घासली, फुलकेही लाटले.

गेटवर थांबलेल्या बायांना आपापली माणसं रुग्णवाहिकेत चढवली जाताना दिसली. भैय्यालाल दुपारपर्यंत शुद्धीवर होता, बायकोला बोलवा म्हणत होता. निरोप मिळून शेवंता दवाखान्यात पोचली तेव्हा त्याच्यावर चादर होती.

संध्याकाळी शिशिर घरी आला. पत्रावरचा क्रमांक चालू वर्षाच्या नोंदीत बसत नव्हता, हे आता क्षमाबाईंच्या ध्यानात आलं होतं; आणि असली पत्रकं शिशिरकडेच बनायची. त्यांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. "हा नंबर कोणत्या पत्राचा?"

"किसी पुराने लेटर का होगा, मम्मी. मैंने बस मॅटर बदला. ऊपर से बोले, दस मिनट में चाहिए."

"कारखान्यात कोणाले विचारलंस?"

"पूछने का टाइम किसके पास था?" मग आवाज उतरला. "किसी को बोलना मत. नौकरी जाएगी. केस भी हो सकता है."

तिसऱ्या दिवशी क्षमाबाई बीरगांवला शेवंताच्या घरी गेल्या. दाटीवाटीनं बसलेल्या बायांनी सरकून जागा दिली. एक जण फणकारली, "तू गेटवर काहून नाई आली व?"

"दीदीनं थांबवलं," शेवंता म्हणाली. "माह्या भल्यासाठीच. सरकारी कागद होता. त्याले दीदी तरी काय करन?"

क्षमाबाईंनी तोंड उघडलं. शिशिरचं नाव जिभेवर आलं होतं. सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या.

"पोरी, काही खाल्लंस का?" त्या म्हणाल्या.

शेवंतानं नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.